लुसैलचा गोलकीपर: ह्युगो लॉरिस, 145 सामने आणि चार पेनल्टी

ऑरेलियां चुआमेनी मध्यवर्तुळातून पेनल्टीच्या ठिपक्याकडे चालत येतो. वय 22. बरोबरीनंतर एकेक पेनल्टी मारून निकाल लावतात त्या शूटआऊटमध्ये अर्जेंटिना 2, फ्रान्स 1. समोर अर्जेंटिनाचा गोलकीपर एमिलियानो मार्टिनेझ चेंडू हातात घेऊन उभा आहे. आता तो चेंडू देईल असं वाटत असतानाच तो बाजूला भिरकावून देतो. चुआमेनीला वाट वाकडी करून चेंडू आणायला जावं लागतं. तो परत येतो, चेंडू ठेवतो, धावतो, मारतो. चेंडू खांबाच्या बाहेरून निघून जातो आणि मार्टिनेझ खांदे उडवत नाचतो.

18 डिसेंबर 2022, कतारमधलं लुसैल, विश्वचषकाचा अंतिम सामना. ही दृश्यं नंतर हजार वेळा दाखवली गेली. पण त्यात एक माणूस जवळजवळ कधीच दिसत नाही. शूटआऊटमध्ये ज्या संघाची पाळी असते, त्याच्या गोलकीपरनं कुठे थांबायचं हे नियमात ठरलेलं आहे: गोलरेषा आणि पेनल्टी क्षेत्राची रेषा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात. जवळच्या खांबापासून साडेसोळा मीटर. त्या कोपऱ्यात ह्युगो लॉरिस उभा होता. फ्रान्सचा कर्णधार, देशाकडून 145वा सामना. बाकीचे नऊ फ्रेंच खेळाडू मध्यवर्तुळात होते. म्हणजे चुआमेनी चेंडूमागे वाकला तेव्हा त्याच्या सर्वांत जवळचा आपला माणूस लॉरिस होता.

हे प्रकरण त्या काही सेकंदांचं आहे. पण त्या सेकंदांपर्यंत लॉरिस कसा पोचला, हे पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही.

टेनिस सोडलेला मुलगा

लॉरिस नीसचा. जन्म 26 डिसेंबर 1986. आई वकील, वडील बँकेत. घर सुखवस्तू होतं. फुटबॉलमधून घर वर काढायचंय अशी त्याची गोष्ट नव्हती. लहानपणी तो टेनिसही खेळायचा आणि चांगलाच खेळायचा. आपल्या वयोगटात देशातल्या वरच्या मुलांमध्ये त्याची गणना होती. तेराव्या वर्षाच्या आसपास त्यानं रॅकेट ठेवली. नीसकडून आणि फ्रान्सकडून खेळलेले जुने गोलकीपर दोमिनिक बाराटेली यांच्या नजरेत तो भरला आणि त्यांनी त्याला नीस क्लबकडे पाठवलं.

टेनिसचा उल्लेख त्याच्या प्रत्येक ओळखीत येतो आणि बहुतेक वेळा शोभेपुरताच. मला तो महत्त्वाचा वाटतो. लॉरिसचं गोलकीपिंग म्हणजे परतीची सर्व्हिस होती. समोरून काय येतंय ते पाहायचं, पाय हलके ठेवायचे आणि चेंडू आला की झेपावायचं. तो फार उंच गोलकीपर नव्हता. 1 मीटर 88 सेंटिमीटर. आजच्या मोजमापात हे बेताचंच. गर्दीत उडी मारून सगळ्यांच्या डोक्यावरून चेंडू काढणं ही त्याची खासियत कधीच नव्हती, आणि पायानं पास खेळण्यात तर तो शेवटपर्यंत अवघडलेलाच राहिला. पण गोलरेषेवर, चार-पाच मीटरवरून आलेल्या फटक्यावर, त्याच्या पिढीत त्याच्याइतके चपळ गोलकीपर मोजकेच होते.

2005 मध्ये 19 वर्षांखालील युरोपीय विजेतेपद. 2006 मध्ये नीसकडून फ्रेंच लीग कपची अंतिम फेरी, नॅन्सीकडून 2-1 असा पराभव. 2008 मध्ये ल्योंनं त्याला घेतलं. जागा ग्रेगरी कूपेची, म्हणजे ल्योंच्या सलग विजेतेपदांच्या काळातल्या माणसाची. त्याच वर्षी त्याची आई गेली. क्लबनं सुट्टी देऊ केली असतानाही तो दोन दिवसांनी सामना खेळला. यावर तो फारसा बोललेला नाही, आणि मीही यातून त्याच्या स्वभावाचा मोठा सिद्धांत काढणार नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

19 नोव्हेंबर 2008 रोजी उरुग्वेविरुद्ध तो फ्रान्सकडून पहिल्यांदा उभा राहिला. निकाल 0-0. वर्षभरानं आयर्लंडविरुद्धचा तो बदनाम सामना आला. थिएरी ऑन्रीच्या हाताला चेंडू लागला, गोल झाला, फ्रान्स विश्वचषकाला पोचला. त्या हाताच्या गदारोळात लॉरिसनं त्याच दोन लढतींत वाचवलेले गोल कोण लक्षात ठेवणार? 2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेत फ्रेंच संघानं सरावावर बहिष्कार टाकला, पडदे ओढून बसमध्ये बसून राहिला. संघाची देशभर छी-थू झाली. त्यानंतर ज्या थोड्या खेळाडूंकडे लोक विश्वासानं पाहू शकत होते त्यात हा शांत, कमी बोलणारा नीसचा मुलगा होता. नोव्हेंबर 2010 मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडविरुद्ध त्यानं पहिल्यांदा कर्णधाराची पट्टी बांधली. 2012 पासून ती कायमची त्याची झाली. शेवटी 121 सामन्यांत तो कर्णधार होता.

हे नीट पाहायला हवं. फ्रान्सनं त्याला कर्णधार केलं ते आरडाओरडा करतो म्हणून नाही. आरडाओरडा करणाऱ्यांना संघ विटला होता, म्हणून केलं.

चूक झाली तर काय करायचं

2012 च्या ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी तो टॉटनहॅमला गेला. तिथे ब्रॅड फ्रीडेल नावाचा एकेचाळीस वर्षांचा अमेरिकन गोलकीपर प्रीमियर लीगमध्ये सलग 310 सामने खेळून बसला होता. ती मालिका 7 ऑक्टोबर 2012 ला लॉरिसनं संपवली. टॉटनहॅमकडून तो 447 सामने खेळला. अकरा वर्षांत एकही चषक नाही. 2019 च्या चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली, लिव्हरपूलकडून 2-0 असे हरले. मिळालं ते एवढंच.

पण पेनल्टीच्या प्रश्नासाठी 2019 ची सुरुवात बघण्यासारखी आहे. फेब्रुवारीत लेस्टरच्या जेमी वार्डीची पेनल्टी त्यानं अडवली. मार्चमध्ये आर्सेनलच्या ओबामेयांगची, सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत. एप्रिलमध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर सिटीच्या अग्वेरोची. जेमतेम दोन महिन्यांत तिन्ही अडवल्या, आणि तिघेही सराईत मारणारे. तेव्हा ‘लॉरिसला पेनल्टी अडवता येत नव्हती’ हे लुसैलनंतर सोशल मीडियावर फिरलेलं वाक्य खरं नाही.

त्याआधीचा, जुलै 2018 मधला महिना हा त्याच्या कारकिर्दीचा माथा. विश्वचषक, रशिया. उपांत्यपूर्व फेरीत उरुग्वेविरुद्ध फ्रान्स 1-0 नं पुढे होता. मध्यंतराच्या तोंडावर मार्टिन कासेरेसनं डोक्यानं मारलेला चेंडू जमिनीवर टप्पा घेऊन खांबाजवळून आत चालला होता. लॉरिस उजवीकडे आडवा झाला आणि एका हातानं चेंडू बाहेर ढकलला. परत आलेला चेंडू गोदिननं वर उडवला. चार दिवसांनी बेल्जियमविरुद्ध अल्डरवेरेल्डचा वळून मारलेला फटका त्यानं तसाच उजवीकडे झेपावून काढला. हे दोन क्षण काढून टाका, आणि फ्रान्सच्या जर्सीवर विश्वचषकाचा दुसरा तारा असता की नाही सांगता येत नाही.

आणि मग मॉस्कोतला अंतिम सामना. क्रोएशियाविरुद्ध 69वं मिनिट, फ्रान्स 4-1 नं पुढे. फ्रान्सच्याच उमतितीनं चेंडू मागे दिला. बॅकपास, म्हणजे हात लावायची सोय नाही. क्रोएशियाचा मारिओ मांजुकिच धावत येत होता. लॉरिसनं सरळ तटवून देण्याऐवजी चेंडू पायानं हुलकावून काढायचं ठरवलं. मांजुकिचनं नुसता पाय पुढे केला आणि चेंडू जाळ्यात गेला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, कर्णधार असताना, गल्लीतल्या पोरानं करावी तशी चूक.

यापुढची वीस मिनिटं मी पुन्हा पाहिली, फक्त त्याला पाहण्यासाठी. त्यानं डोक्याला हात लावला नाही, कोणावर खेकसला नाही. पुढचा बॅकपास आला तेव्हा तो मैदानाबाहेर भिरकावला. फ्रान्स 4-2 नं जिंकला आणि चषक त्यानं उचलला. त्याचं खरं कौशल्य हेच होतं असं मला वाटतं: झालेलं तिथेच सोडायचं आणि पुढच्या चेंडूसाठी मोकळं व्हायचं. गोलकीपरला हे यावंच लागतं. सगळ्यांना येतं असं नाही.

(त्याला संत करायचं कारण नाही. विश्वचषक जिंकल्यावर सहा आठवड्यांच्या आत तो लंडनमध्ये दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला. न्यायालयात गुन्हा कबूल केला, 50,000 पौंड दंड आणि 20 महिने गाडी चालवायला बंदी. माफी मागितली आणि पुन्हा खेळायला लागला.)

बुखारेस्टची सूचना

28 जून 2021, बुखारेस्ट. युरो स्पर्धेची बाद फेरी, स्वित्झर्लंडविरुद्ध. स्विस संघ 1-0 नं पुढे होता आणि त्यांना पेनल्टी मिळाली. रिकार्डो रॉड्रिगेझनं मारली, लॉरिसनं अडवली. तिथून चार मिनिटांत फ्रान्सच्या बेन्झेमानं दोन गोल केले आणि सामना उलटला. पुढे 3-3 झालं आणि शूटआऊट आलं. स्विस संघानं पाचच्या पाच मारल्या. फ्रान्सच्या एम्बापेची स्विस गोलकीपर यान सोमरनं अडवली आणि फ्रान्स बाहेर.

एकाच गोलकीपरनं, एकाच रात्री, एकाच संघाची पेनल्टी सामन्यात अडवली आणि शूटआऊटमध्ये पाचपैकी एकही नाही. हा योगायोग असू शकतो. पाच हा आकडा लहान आहे. पण सामन्यातली पेनल्टी आणि शूटआऊटमधली पेनल्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही यातून दिसतं. सामन्यात पेनल्टी अचानक येते. मारणारा दमलेला, तापलेला असतो, अडवून परत आलेला चेंडू पुन्हा मारता येतो, खेळ चालू असतो. लॉरिस या प्रवाहातलाच माणूस. शूटआऊटमध्ये प्रवाह थांबतो. एकेक जण चाळीसेक मीटर चालत येतो. चेंडू ठेवतो. शिट्टीची वाट पाहतो. अकरा मीटरवरून जोरात मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो, तेव्हा गोलकीपरची चपळाई उरतेच किती? खरं काम चेंडू मारण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात असतं. त्या अर्ध्या मिनिटात घडवावं लागतं. प्रतिसाद देण्यासारखं समोर काही नसतं.

हे जुनं ज्ञान आहे. 1984 मध्ये रोमच्या मैदानावरच्या शूटआऊटमध्ये लिव्हरपूलच्या ब्रूस ग्रोबेलारनं पाय लटपटल्याचं सोंग केलं होतं. 2005 मध्ये यर्झी डुडेकनं इस्तंबूलला तीच नक्कल केली. आणि 2022 च्या जूनमध्ये, त्याच कतारमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू रेडमेननं पेरूविरुद्धच्या पात्रता सामन्यात केवळ शूटआऊटसाठी मैदानात येऊन गोलरेषेवर अक्षरशः नाच केला, पेनल्टी अडवली आणि देशाला विश्वचषकाला नेलं. मार्टिनेझबद्दल तर काही लपलेलंच नव्हतं. 2021 च्या कोपा अमेरिकेच्या उपांत्य सामन्यात त्यानं कोलंबियाच्या खेळाडूंना तोंडावर टोमणे मारत तीन पेनल्टी अडवल्या होत्या. रिकामं स्टेडियम असल्यामुळे त्याचा शब्द न शब्द टीव्हीवर ऐकू गेला. लुसैलच्या नऊ दिवस आधी नेदरलँड्सच्या दोन अडवल्या. फ्रान्सला हे माहीत नव्हतं असं कोणी म्हणू शकणार नाही.

ती रात्र

कतारमध्ये लॉरिस आला तो फ्रान्सकडून सर्वाधिक सामन्यांच्या विक्रमाच्या उंबरठ्यावर. पोलंडविरुद्ध त्यानं लिलियन तुरामच्या 142 सामन्यांची बरोबरी केली. त्याच सामन्याच्या अगदी शेवटी लेवांडोव्स्कीची पेनल्टी त्यानं अडवली, पण पंचांनी ती पुन्हा मारायला लावली, कारण चेंडू मारण्याआधी त्यानं रेषा सोडली होती. दुसऱ्यांदा गोल झाला. फ्रान्स 3-1 नं जिंकत होता, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. मला मात्र हा प्रसंग मोलाचा वाटतो: रेषेचा नियम लॉरिसवर कसोशीनं लागू झाला, आणि दोन आठवड्यांनी चेंडू फेकून देणाऱ्याला आधी काहीच झालं नाही.

इंग्लंडविरुद्ध 143वा सामना, तुराम मागे पडला. समोर हॅरी केन, क्लबमधला जवळजवळ दहा वर्षांचा सहकारी, सरावात ज्याच्या शेकडो पेनल्टी लॉरिसनं झेलल्या असतील. पहिली केननं मारली, दुसरी आकाशात उडवली. मोरोक्कोविरुद्ध 144वा. आणि मग लुसैल.

आपल्याकडे त्या रविवारी रात्रीचे साडेआठ वाजले होते. कोल्हापूरसारख्या गावात, जिथे पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिना अशी वाटणी असते, फ्रान्सच्या गोलकीपरसाठी हळहळणारा सापडणं कठीणच. मेसीनं चषक उचलावा असं निम्म्या जगाला वाटत होतं. त्या गलक्यात लॉरिसची ती रात्र नीट पाहिली गेली नाही. 23व्या मिनिटाला मेसीची पेनल्टी: लॉरिस एका बाजूला, चेंडू दुसऱ्या. मग डी मारियाचा गोल. 80व्या आणि 81व्या मिनिटाला एम्बापेनं सामना परत आणला. निर्धारित वेळ संपता संपता मेसीचा लांबून आलेला फटका लॉरिसनं दांड्यावरून बाहेर काढला. तो आत गेला असता तर शूटआऊटचा प्रश्नच नव्हता. जादा वेळेत अर्जेंटिनाच्या लाउतारोचा फटका त्यानं अडवला, सुटलेला चेंडू मेसीनं आत ढकलला. 118व्या मिनिटाला एम्बापेची पेनल्टी, 3-3. शेवटच्या क्षणी कोलो मुआनी एकटा मार्टिनेझसमोर, आणि मार्टिनेझनं डावा पाय पसरून तो फटका अडवला.

शूटआऊट. एम्बापेनं मारली. मेसीनं हळूच ढकलली. कोमानच्या वेळी मार्टिनेझनं चेंडू नीट ठिपक्यावर आहे का ते तपासायला पंचांना लावलं, मग उजवीकडे झेपावून अडवली. दिबालानं सरळ मधोमध मारली. चुआमेनीचं वर आलंच. आता इथे एक बारीक गोष्ट. पुढची पाळी पारेदेसची होती. मार्टिनेझनं चेंडू स्वतः घेतला आणि आपल्या पारेदेसच्या हातात नेऊन दिला. लॉरिसनं आपल्यासारखाच डाव टाकू नये, ही काळजी. पारेदेसनं मारली. पंच मार्चिनियाक यांनी शेवटी मार्टिनेझला पिवळं कार्ड दाखवलं. कोलो मुआनीनं मारली. मोंतिएलनं मारली, लॉरिस दुसऱ्या बाजूला गेलेला. 4-2.

बुखारेस्टच्या पाच आणि लुसैलच्या चार. फ्रान्सकडून मोठ्या स्पर्धांत लॉरिसच्या वाट्याला ही दोनच शूटआऊटं आली आणि नऊपैकी नऊ आत गेल्या.

तीन पर्याय होते

पहिला, शूटआऊटआधी गोलकीपरच बदलायचा. 2014 मध्ये नेदरलँड्सनं कोस्टा रिकाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला टिम क्रूलला उतरवलं होतं. त्यानं दोन अडवल्या. फ्रान्सचे तेव्हाचे प्रशिक्षक देशाँ यांच्याकडे बाकावर मंदांदा आणि अरेओला हे राखीव गोलकीपर होते. पण ‘देशाँनी लॉरिसला बदलायला हवं होतं’ म्हणणारे एक हिशोब विसरतात. नेहमीच्या पाच, जादा वेळेतली एक आणि डोक्याला मार लागलेल्या खेळाडूसाठीची एक, अशा सात बदल्या फ्रान्सला मिळाल्या आणि सातही संपल्या. शेवटची 120 मिनिटं उलटल्यावर: कुंदेच्या जागी दिसासी. ती एक गोलकीपरसाठी ठेवता आली असती, हे खरं. पण विश्वचषक जिंकून दिलेल्या कर्णधाराला, विक्रमी सामन्यात, जगासमोर बाजूला काढायचं? देशाँ तसा माणूस नव्हे, आणि मला वाटतं, बहुतेक प्रशिक्षकांनी हे केलं नसतं.

दुसरा, लॉरिसनं मार्टिनेझसारखं वागायचं. याचं उत्तर त्यानं स्वतःच दिलं. जानेवारी 2023 मध्ये फ्रेंच क्रीडा दैनिक लेकिपला दिलेल्या मुलाखतीत त्यानं आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. मार्टिनेझबद्दल विचारल्यावर त्याचं म्हणणं साधारण असं होतं: गोलमध्ये विदूषकी करणं, मर्यादा ओलांडून समोरच्याला बिथरवणं मला जमत नाही, त्यासाठी मी फार विचारी आणि प्रामाणिक माणूस आहे, मला तसं जिंकता येत नाही, पण असं हरायचंही नव्हतं.

हे वाचून कित्येकांनी त्याला रडका ठरवलं. काहींनी सभ्यतेचा पुतळा. मला दोन्ही पटत नाही. मुंबईच्या क्रिकेटमध्ये ज्याला कौतुकानं ‘खडूस’ म्हणतात, तसा एक गुण मार्टिनेझमध्ये आहे आणि तो अप्रामाणिक नाही. त्यानं नियमातल्या फटी वापरल्या, पंचांनी उशिरापर्यंत वापरू दिल्या. लॉरिसचा ‘प्रामाणिक’ हा शब्द म्हणून थोडा खटकतो. त्यात समोरच्याला अप्रामाणिक ठरवण्याचा वास आहे. दुसरीकडे, छत्तिसाव्या वर्षी, 120 मिनिटांनंतर, आपल्या स्वभावात नसलेलं सोंग आणलं असतं तर ते किती पोकळ दिसलं असतं! सोंग वठवायलाही ते अंगात असावं लागतं.

तिसऱ्या पर्यायाबद्दल कोणी फारसं बोलत नाही आणि माझ्या मते प्रकरणाची गाठ तिथेच आहे. मार्टिनेझच्या दोन कामांकडे वेगवेगळं पाहा. चुआमेनीचा चेंडू फेकणं हे एक. पारेदेसला चेंडू नेऊन देणं हे दुसरं. पहिल्यात चाळे आहेत. दुसऱ्यात काहीच गैर नाही. आपल्या पोरावर नजर ठेवणं, एवढंच आहे. दिबालाची पेनल्टी लॉरिसच्या पाठीमागच्या जाळ्यात गेली होती. पुढची पाळी फ्रान्सची. त्या क्षणी जाळ्यातल्या चेंडूच्या सर्वांत जवळ लॉरिस होता. तो उचलायचा, ठिपक्यापर्यंत न्यायचा, बावीस वर्षांच्या चुआमेनीच्या हातात द्यायचा, पाठीवर थाप मारून आपल्या कोपऱ्यात जायचं. यात विदूषकी कुठे आली? यासाठी स्वभाव बदलायची गरज नव्हती. लॉरिस मात्र जे आयुष्यभर करत आला तेच करून गेला: झालेलं मागे सोडलं आणि पुढच्या चेंडूसाठी मोकळा झाला. मॉस्कोत जो गुण कामाला आला, त्याच गुणानं लुसैलला चेंडू दुसऱ्याच्या हातात ठेवला.

मी हे आरामखुर्चीत बसून लिहितोय, हे मला कळतं. आणि चेंडू हातात मिळाला असता तर चुआमेनीनं गोल केलाच असता, असंही नाही.

आधीचे फ्रेंच

फ्रान्सच्या गोलकीपरांना शूटआऊटचं ओझं नवं नाही. 1982, सेव्हिल: जां-लुक एतोरीनं श्टिलिकेची अडवली, तरी पश्चिम जर्मनीच्या शुमाखरनं दोन अडवून फ्रान्सला अंतिम फेरीपासून रोखलं. 1986, ग्वाडालाहारा: जोएल बात्सनं सामन्यात झिकोची आणि शूटआऊटमध्ये सॉक्रेटिसची अडवली, फ्रान्सनं ब्राझीलला हरवलं. 1998, पॅरिस: बार्थेझनं इटलीच्या आल्बेर्तिनीची अडवली आणि पुढे चषक आला. 2006, बर्लिन, अंतिम सामना: त्याच बार्थेझसमोर त्याच इटलीनं पाचच्या पाच मारल्या. बार्थेझ तर नाटकी म्हणूनच ओळखला जायचा. 2001 मध्ये एफए कपच्या सामन्यात दि कानियो एकटा धावत आला तेव्हा तो हात वर करून ‘ऑफसाइड’ असल्यासारखा नुसता उभा राहिला होता. दि कानियो फसला नाही, त्यानं गोल केला. म्हणजे नाटक करणारा बार्थेझही बर्लिनला रिकाम्या हातानं परतला आणि न करणारा लॉरिसही लुसैलहून.

नियम बदलला

2023-24 च्या नियमावलीत फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळानं पेनल्टीच्या कलमात शब्द वाढवले. गोलकीपरनं मारणाऱ्याचं लक्ष गैररीतीनं विचलित करायचं नाही. पेनल्टीला उशीर करायचा नाही. खांब, दांडा किंवा जाळं हाताळायचं नाही. नियमात नाव कोणाचंच नसतं, पण फुटबॉलवाल्यांना सांगायची गरज पडली नाही. लॉरिसला ‘जमत नाही’ असं जे होतं, त्यातलं बरंचसं आता कोणालाच करता येणार नव्हतं. तोवर तो फ्रान्सचा गोलकीपर राहिला नव्हता.

क्लबमधला शेवट याहून कडवट झाला. 23 एप्रिल 2023, न्यूकॅसल. 21 मिनिटांत टॉटनहॅमवर पाच गोल. मध्यंतराला दुखापतीमुळे तो बाहेर आला आणि पुन्हा टॉटनहॅमसाठी उतरला नाही. 447वा सामना, निकाल 6-1. वर्षअखेरीस तो लॉस एंजेलिसच्या संघात गेला, आणि 2024 मध्ये तिथे यूएस ओपन कप जिंकला. लंडनमध्ये अकरा वर्षांत न मिळालेला क्लबचा चषक तिथे पहिल्याच मोसमात हाती आला.

फ्रान्सच्या गोलमध्ये त्याच्या जागी माइक मॅन्यां आला. उंच, आडदांड, पायानं चांगलं खेळणारा, जरबेचा. त्याला पेनल्टी अडवता येतात. मार्च 2025 मध्ये क्रोएशियाविरुद्धच्या शूटआऊटमध्ये त्यानं दोन अडवल्या. पण त्याआधी, 5 जुलै 2024 ला हॅम्बुर्गमध्ये, युरोच्या उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालविरुद्ध 0-0 नंतर पुन्हा शूटआऊट आलं होतं. मॅन्यांसमोर चार जण आले. रोनाल्डो, बर्नार्दो सिल्वा आणि नुनो मेंडेस यांनी गोल केले. जोआव फेलिक्सनं खांबावर मारली. मॅन्यांनं एकही अडवली नाही. फ्रान्सच्या पाच जणांनी पाच मारल्या, आणि फ्रान्स जिंकला.